गाडीला एलईडी लावावेत का? आधी हेडलाइटचं घर बघा

प्रश्न असा आहे: गाडी सात-आठ वर्षांची, हेडलाइट हॅलोजनचे, रात्री रस्ता पुरेसा दिसत नाही. बल्ब काढून त्या जागी एलईडी टाकावेत का? आणि पुढची गाडी घेताना केवळ एलईडी हेडलाइटसाठी वरचं मॉडेल घेण्यात अर्थ आहे का?

दोन्हींची उत्तरं एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून आधीच सांगून टाकतो. मुळात एलईडीसाठीच घडवलेला हेडलाइट मिळत असेल तर जरूर घ्या. हॅलोजनसाठी घडवलेल्या हेडलाइटमध्ये बल्बच्या जागी एलईडी खोचायचा असेल, तर बहुतेक वेळा नको. गाडीच्या आतले दिवे मात्र आज संध्याकाळी बदललेत तरी माझी हरकत नाही. वीसेक वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. या काळात जेवढे एलईडी बसवले, त्याच्या निम्मे तरी नंतर काढून दिले असतील.

एलईडीचा सगळ्यात निर्विवाद फायदा हेडलाइटमध्ये नाही, ब्रेकलाइटमध्ये आहे. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजळायला साधारण ०.२ सेकंद घेते. एलईडीला तेवढा वेळ लागतच नाही, करंट आला की उजेड. ताशी १०० किलोमीटर वेगात ०.२ सेकंदात गाडी साडेपाच मीटर पुढे जाते. म्हणजे मागून येणाऱ्याला एका मोठ्या गाडीच्या लांबीएवढं अंतर जास्त मिळतं, तेही कुणीही काही न शिकता. म्हणून तर मागच्या काचेतल्या तिसऱ्या ब्रेकलाइटमध्ये लाल एलईडी १९८०च्या दशकातच आले. हेडलाइटला मात्र २००७ साल उजाडावं लागलं. लेक्सस एलएस ६००एच या गाडीच्या लो बीममध्ये (म्हणजे डिपरमध्ये; हाय बीम म्हणजे अप्पर) ते पहिल्यांदा आले. मधली वीस वर्षं दोन गोष्टींत गेली. पांढऱ्या उजेडासाठी आधी निळा एलईडी हवा होता (निळ्या चिपवर पिवळं फॉस्फर चढवलं की पांढरा उजेड मिळतो, या निळ्या एलईडीलाच २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं), आणि दुसरी गोष्ट उष्णता.

‘एलईडी थंड असतो’ हे वाक्य मी रोज ऐकतो. ते अर्धंच खरं आहे. हॅलोजन आपली बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपात उजेडाबरोबर पुढे फेकतो, त्यामुळे हेडलाइटची काच कोमट राहते. एलईडीची उष्णता पुढे जात नाही, ती चिपच्या पाठीमागे साचते. तिथून ती अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकमधून (उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा भाग) ओढून काढली नाही, तर चिप तापते, उजेड कमी होतो आणि आयुष्यही घटतं. काच थंड राहण्याचे परिणामही असतात: बर्फाळ प्रदेशात काचेवर साचलेला बर्फ वितळत नाही, आणि पावसाळ्यात हेडलाइटमध्ये शिरलेली वाफ लवकर सुकत नाही. थंड सकाळी नव्या गाडीच्या हेडलाइटमध्ये आतून धुकं दिसलं म्हणून लोक घाबरून येतात. पातळ धुकं असेल आणि गाडी चालल्यावर विरत असेल तर काळजी नको. थेंब ओघळत असतील तर सील गेलंय.

बल्बच्या आकाराच्या एलईडीमध्ये हीटसिंकला जागाच नसते. मग मागे इवलासा पंखा बसवतात. इंजिनाची धग, धूळ, ओलावा आणि हादरे यांत तो पंखा किती दिवस फिरणार? खोक्यावर ३०,००० तासांचं आयुष्य लिहिलेलं असतं. वर्षाला ३०० तास रात्रीचं ड्रायव्हिंग धरलं तर हे शंभर वर्षं झाली! चिप कदाचित टिकेलही, पण आधी पंखा अडकतो किंवा चिपला करंट पुरवणारं ड्रायव्हर सर्किट जातं. स्वस्तातल्या बल्बांना मी लक्समीटर (उजेड मोजायचं यंत्र) लावून पाहिलंय. चालू केल्या केल्या येणारा आकडा आणि वीस मिनिटांनंतरचा आकडा यांत चांगलाच फरक पडतो. गॅरेजमध्ये बटण दाबून ‘वा, काय लख्ख आहे’ म्हणणारा तो पहिला आकडा बघत असतो.

खोक्यावरच्या ल्यूमेनचंही, म्हणजे बल्बच्या एकूण उजेडाच्या मापाचंही, तेच. ५५ वॅटचा एच-७ हॅलोजन साधारण १,५०० ल्यूमेन देतो. एच-४ मध्ये अप्परला साधारण १,६५० आणि डिपरला १,००० ल्यूमेन. आता एलईडीच्या खोक्यावर २०,००० लिहिलेलं असतं. बल्ब ओढतो २५ वॅट, आणि असा बल्ब प्रत्यक्षात एका वॅटला साधारण १०० ल्यूमेन देतो असं धरलं तर झाले अडीच हजार. वीस हजारांसाठी एकाच बल्बला दोनशे वॅट लागतील, आणि तसा बल्ब हेडलाइटचं प्लास्टिक वितळवून बाहेर येईल. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

आता मूळ मुद्दा. हेडलाइट म्हणजे नुसता बल्ब नव्हे, ते एक बसवलेलं गणित आहे. हॅलोजनची तार काही मिलिमीटर लांबीची, बारीक, आणि गोल सगळ्या बाजूंनी उजेड देणारी. रिफ्लेक्टरचा, म्हणजे बल्बमागच्या आरशाचा, प्रत्येक पैलू त्या तारेची जागा धरून कोरलेला असतो: हा तुकडा उजेड लांब फेकणार, तो तुकडा रस्त्याच्या कडेला, तो बोनेटच्या पुढे. तार आपल्या जागेवरून मिलिमीटरच्या काही दशांशांनी सरकली तरी बीम बिघडतो. एच-४ मध्ये तर डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि उजेड खाली, रस्त्यावर पडतो. समोरच्याचे डोळे दिपू नयेत याची सगळी व्यवस्था त्या वाटीत आहे.

एलईडी बल्बवर गोल तार नसते. एका पट्टीच्या दोन बाजूंना सपाट चिपा चिकटवलेल्या असतात आणि मध्ये पट्टीची जाडी. पट्टी जाड असेल तर दोन्ही चिपा केंद्रापासून लांब जातात, आणि रिफ्लेक्टरला एका तारेऐवजी दोन वेगळे दिवे दिसतात. बरे उत्पादक ही पट्टी शक्य तितकी पातळ ठेवतात, आणि चांगल्या-वाईट एलईडी बल्बांमधला खरा फरक इथेच आहे, ल्यूमेनच्या आकड्यात नाही. त्यातही बल्ब होल्डरमध्ये फिरवून बसवता येतो. चिपा घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशेला, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला हव्यात. वर-खाली बसवल्या तर बीमचा पार चुथडा होतो. ‘समोरचे फार डिपर मारतात हो’ अशी तक्रार घेऊन आलेल्या कित्येक गाड्यांत मी नुसता बल्ब नव्वद अंश फिरवून दिलाय. तक्रार कमी झाली, संपली नाही.

प्रोजेक्टर हेडलाइट असेल, म्हणजे आत भिंगाचा गोल डोळा दिसत असेल, तर परिस्थिती जरा बरी असते. तिथे उजेडाची वरची कडा आतला पडदा कापतो, त्यामुळे कुठलाही बल्ब लावा, कडा बऱ्यापैकी सरळ राहते. पण मधला तेजस्वी पट्टा, जो लांबचा रस्ता दाखवतो, तो तिथेही पातळ होऊ शकतो. साध्या रिफ्लेक्टरमध्ये मात्र उजेड कडेच्या वर सांडतो आणि थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो.

‘पण मला तर आता जास्त दिसतं!’ हा वाद प्रत्येक वेळी होतो. दिसतं, पण कुठे? चुकीच्या बीमचा जास्तीचा उजेड बहुतेक वेळा गाडीच्या पुढच्या दहा-पंधरा मीटरांत पडतो. जवळचं डांबर चकाकलं की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबच्या काळोखातलं दिसायचं आणखी कमी होतं. डोळ्याला उजेड जास्त वाटतो, कामाचं दिसतं कमी. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे दिव्यापुढे थोडा उजेड आणि त्याच्याही पुढे अंधार. ताशी ८० किलोमीटर वेगात तुमचं लक्ष पन्नास-साठ मीटरांवर हवं, दहावर नाही. एका गृहस्थांनी नवे एलईडी लावून आणल्यावर मी त्यांना त्यांच्याच गाडीसमोर तीस मीटरवर उभं केलं आणि डिपर चालू केला. हाताने डोळे झाकत त्यांनी विचारलं, ‘अप्पर लावलाय का?’ त्याच दिवशी जुने बल्ब परत गेले.

कायद्याचाही विचार करा. बहुतेक देशांत हॅलोजनसाठी मंजूर झालेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब टाकला की हेडलाइटची मंजुरीच जाते. अपवाद तयार होऊ लागलेत. जर्मनीत २०२० पासून काही विशिष्ट एलईडी बल्ब वापरता येतात, पण तेही ठरावीक गाड्यांच्या ठरावीक हेडलाइटमध्येच, कारण प्रत्येक जोडी तपासून मान्य केलेली असते. हे नियमामागचं तर्कशास्त्र मला पटतं: मंजुरी बल्बला नाही, बल्ब आणि त्याचं घर, म्हणजे हेडलाइट, यांच्या जोडीला. तुमच्या हेडलाइटच्या काचेवर बारीक अक्षरं कोरलेली असतात. त्यात एच, सी, आर अशी रोमन अक्षरं दिसली तर एच म्हणजे हॅलोजन, सी म्हणजे लो बीम, आर म्हणजे हाय बीम. बल्ब विकत घेण्याआधी ती वाचा.

वायरिंगच्या अडचणी वेगळ्याच. हल्लीच्या गाड्यांत बल्ब गेला का हे कॉम्प्युटर सतत तपासतो. एलईडी कमी करंट ओढतो, म्हणून त्याला बल्ब गेल्यासारखा वाटतो आणि डॅशबोर्डवर इशारा पेटतो. काही गाड्या बल्बला सलग करंट न देता झटपट तुकड्या-तुकड्यांनी देतात. हॅलोजनची तार मधल्या क्षणांत थंड होत नाही म्हणून ते कळत नाही, एलईडी मात्र लुकलुकतो. इंडिकेटरला एलईडी लावला की तो दुप्पट वेगाने फडफडतो, कारण इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला एक बल्ब उडाल्यासारखं वाटतं. यावर उपाय म्हणून समांतर रेझिस्टर जोडतात, जो खोटा भार दाखवतो. म्हणजे २१ वॅटचा बल्ब काढून काही वॅटचा एलईडी लावला, आणि वाचलेली वीज रेझिस्टरमध्ये जाळली. नाकापेक्षा मोती जड. आणि हा रेझिस्टर खरोखर भाजतो. सुरुवातीच्या काळात मी एक रेझिस्टर आतल्या प्लास्टिकला टेपने चिकटवला होता; गाडी अर्धा तास धोक्याचे दिवे लावून उभी राहिली आणि प्लास्टिकला भोक पडलं. भरपाई माझ्या खिशातून गेली. तेव्हापासून रेझिस्टर फक्त पत्र्यावर, स्क्रूने. शक्य असेल तिथे रेझिस्टरऐवजी एलईडीसाठीचा फ्लॅशर रिलेच बदलावा, तो स्वच्छ मार्ग.

स्वस्त एलईडी लावल्यावर रेडिओवर खरखर येऊ लागली किंवा रिमोट जवळ आणल्याशिवाय गाडी उघडेना, तर दोष रेडिओचा नाही. बल्बच्या ड्रायव्हर सर्किटमधून निघणारा विद्युत गोंगाट तो. बल्ब काढून बघा, लगेच कळेल.

मागच्या दिव्यांत एलईडी बल्ब टाकणार असाल तर एक छोटी गोष्ट: लाल काचेमागे लाल एलईडी लावा, पांढरा नको. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल भाग मुळातच थोडा असतो. काच बाकीचा सगळा अडवते आणि हाती फिकट गुलाबी दिवा येतो. इंडिकेटरलाही तसंच, अंबर. टेल आणि ब्रेक एकाच बल्बात असतील तर दोन्हींतला फरक उन्हातही स्पष्ट दिसतोय ना, हे कुणाला तरी मागे उभं करून बघा.

रंगाबद्दल. उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात: आकडा कमी तर पिवळसर, जास्त तर निळसर. हॅलोजन साधारण ३,२०० केल्विन, झेनॉन ४,३०० च्या आसपास, बहुतेक एलईडी ५,५०० ते ६,०००. कोरड्या रस्त्यावर पांढऱ्या उजेडात पट्टे आणि फलक छान उठून दिसतात, हा फायदा खरा. पावसात ओला रस्ता आरशासारखा उजेड पुढे परतवतो, तुमच्याकडे परत फारसं काही येतच नाही. ते सगळ्याच दिव्यांना लागू आहे, पण निळसर उजेडात थेंबांची चमक जास्त बोचते. धुक्यात पिवळा दिवा धुकं भेदून जातो ही मात्र दंतकथा आहे. धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, ते पिवळा-निळा असा भेद जवळपास करत नाहीत. फॉगलाइट उपयोगी पडतो तो खाली बसवलेला असतो, रुंद पसरतो आणि वरून कापलेला असतो म्हणून. पिवळा रंग डोळ्यांना सुखावतो, एवढं मान्य. ६,०००च्या वरचे निळे-जांभळे बल्ब दिसले तर सरळ पुढे चला. तो उजेड दिसण्यासाठी असतो, बघण्यासाठी नाही.

वीज आणि इंधन वाचण्याचा मुद्दा मी फार ताणणार नाही. दोन हॅलोजन ११० वॅट ओढतात, त्याच जागी एलईडी साधारण चाळीस-पन्नास. इलेक्ट्रिक गाडी ताशी ५० किलोमीटरला सहा-सात किलोवॅट ओढत असेल, तर वाचलेले साठ वॅट म्हणजे जेमतेम एक टक्का. आतले दिवे मात्र वेगळे. दार उघडं राहून रात्रभर रूफलाइट जळला तरी एलईडीमुळे सकाळी बॅटरीत जीव असतो. तिथे समोरच्याचे डोळे दिपायचाही प्रश्न नाही, म्हणून तिथे बिनधास्त लावा. उलटा बसवला तर पेटणार नाही, काढून फिरवून लावा. बंद केल्यावरही मंद लुकलुकत राहिला तर बिघाड नाही, कॉम्प्युटरचा तपासणीचा करंट आहे तो.

आता नव्या गाडीचं. कारखान्यात घडवलेल्या एलईडी हेडलाइटमध्ये चिप, भिंग आणि हीटसिंक एकमेकांसाठी बनवलेले असतात, त्यामुळे वर सांगितलेली भांडणं तिथे नाहीत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अनेक छोट्या चिपा वेगवेगळ्या विझवता येतात. २०१३च्या ऑडी ए-८ मध्ये आलेल्या मॅट्रिक्स हेडलाइटमध्ये अप्पर चालूच राहतो आणि कॅमेरा समोरच्या गाडीपुरता उजेडाला खड्डा पाडतो. रात्री एकदा असं ड्रायव्हिंग केलंत की परत फिरावंसं वाटत नाही. अमेरिकेने अशा दिव्यांना परवानगी द्यायला २०२२ साल उजाडलं.

तोटेही ऐका. बल्ब बदलायची सोय बहुधा नसते. एक चिप किंवा मॉड्यूल गेलं की सबंध हेडलाइट बदलावा लागतो. पार्किंगमध्ये लागलेला छोटा धक्का महागात पडतो तो यामुळे. उजेडाची कडा चाकूसारखी धारदार असते, म्हणून लेव्हल जराशी बिघडली किंवा गाडी उंचवट्यावरून गेली की समोरच्याच्या डोळ्यांत झटका बसतो. आणि एलईडी लिहिलंय म्हणजे चांगलाच असेल असंही नाही. कंजूषपणे केलेल्या एलईडी रिफ्लेक्टरपेक्षा चांगला हॅलोजन प्रोजेक्टर उजवा निघालेला मी पाहिलाय. टेस्ट ड्राइव्ह अंधार पडल्यावर मागा. शोरूमच्या झगमगाटात हेडलाइट कळत नाही.

मग सध्याच्या गाडीचं काय? बल्ब बदलण्याआधी हे करा. हेडलाइट आणि इंजिन चालू ठेवून बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजा आणि बॅटरीवर मोजा. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणजे व्होल्टेज १० टक्के पडलं तर उजेड ३० टक्के जातो. जुन्या गाड्यांत एवढी घसरण सर्रास असते. गंजलेली अर्थिंग, काळवंडलेला होल्डर, स्विचमधून फिरून येणारी बारीक वायर. अर्थिंग घासून, रिले टाकून जाड वायरने थेट बॅटरीवरून करंट दिला की तेच बल्ब नवे वाटतात. काच पिवळी पडली असेल तर ती पॉलिश करून वर अतिनील किरणांपासून जपणारा थर लावा; नुसतं पॉलिश केलं तर काही महिन्यांत परत पिवळी होते. बल्ब पाच-सहा वर्षांचे असतील तर दोन्ही एकदम बदला, एकच नवा लावला तर दुसऱ्याचं वय दिसतं.

शेवटी लेव्हल. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा, टायरची हवा बरोबर असू द्या, चालकाच्या सीटवर कुणीतरी बसलेलं असू द्या. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर मारा आणि त्याच्या दहा सेंटिमीटर खाली दुसरी रेघ. डिपरची वरची कडा त्या खालच्या रेघेवर यायला हवी. तुमच्या हेडलाइटवर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर १ टक्का लिहिलं असेल तर हेच त्याचं माप आहे, १.३ असेल तर तेरा सेंटिमीटर. डिकी सामानाने भरली की गाडीचं नाक वर जातं, तेव्हा डॅशबोर्डवरच्या छोट्या चाकाने बीम खाली घ्या. आणि सामान उतरवल्यावर ते चाक परत शून्यावर आणा. ‘लाइट कमी झालेत’ म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्यांपैकी काहींमध्ये तेवढंच करायचं राहिलेलं असतं.